पाऊल कोणाचं? इंदूरच्या एका वकिली कार्यालयातल्या प्रकल्प नोंदी

22 जुलै 2025

सरांनी आज शेवटी हो म्हटलं. कार्यालयातल्या सगळ्या चालू दिवाणी फाइली एका तक्त्यात आणायच्या, मुदत आठ आठवडे, काम माझ्याकडे. माझं नेहमीचं काम तसंच चालू राहणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं.

निमित्त मे महिन्यातलं. एका दिवशी दोन न्यायालयांत दोन पेश्या, म्हणजे सुनावण्या, होत्या आणि तिसरी कुणाच्याच डायरीत नव्हती. तिसरा दावा 'अदम पैरवी'त खारीज झाला. ही इथल्या कचेरीची जुनी फारसी शब्दजोडी. अर्थ इतकाच की पुकारा झाला, प्रतिवादी हजर होता, वादीकडून कुणी नव्हतं, म्हणून दावा काढून टाकला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 खाली 30 दिवसांत अर्ज केला, न्यायालयानं लावलेला खर्च भरला, दावा पुन्हा पटलावर आला. अशिलाला सरांनी खरं कारण सांगितलं आणि खर्च स्वतःच्या खिशातून दिला. त्या वेळी मी टेबलाशी मान खाली घालून उभी होते.

23 जुलै

रकान्यांना नावं काय द्यायची यातच दुपार गेली. मध्य प्रदेशात कनिष्ठ न्यायालयांची भाषा हिंदी. घरी आम्ही मराठी बोलतो, सर फाइलीवर मराठीत शेरे मारतात, कार्यालयाचे कारकून मुंशीजी हिंदीत, आणि निकाल वाचायचे ते इंग्रजीत. माझी पुण्याची मावसबहीण तिकडे वकिली करते. तिला 'दरखास्त' म्हटलं की हुकूमनाम्याची, म्हणजे दाव्यातल्या अंतिम आदेशाची, अंमलबजावणी डोळ्यांपुढे येते. इथे दरखास्त म्हणजे साधा अर्ज, आणि अंमलबजावणीला म्हणायचं 'इजरा'. प्रतिवादीच्या लेखी उत्तराला ती कैफियत म्हणते, आम्ही जवाबदावा. न्यायालयानं ठरवायचे प्रश्न, तिचे मुद्दे ते आमचे वादप्रश्न. तिची उलटतपासणी इथे प्रतिपरीक्षण होते, आणि साक्षीदाराला घाम दोन्हीकडे सारखाच फुटतो.

ठरलं असं: तक्ता देवनागरी लिपीत, शब्द इंदूरच्या कचेरीचे. पाहणार मुंशीजी, तेव्हा त्यांना कळले पाहिजेत.

28 जुलै

लाल बस्त्यांच्या, म्हणजे फाइलींच्या कापडी गठ्ठ्यांच्या, गाठी सोडून मोजणी झाली. 94 फाइली. सरांचा अंदाज 'साठ-सत्तर' होता.

प्रत्येक फाइलीचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या दाव्याचा ओळख क्रमांक, ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर टाकून पुढची तारीख जुळवतेय. बहुतेक जुळल्या. मुंशीजींचा या उद्योगावर विश्वास नाही. "मैडम, तारीख तो मोबाइल भी बता देता है, आप क्या नया कर रही हैं?" प्रश्न रास्त आहे. रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खाताना त्यावर विचार केला. मोबाइल तारीख सांगतो, टप्पा सांगतो. त्या तारखेला कोणी काय करून आणायचं आहे, हे मात्र सांगत नाही.

31 जुलै

नवा रकाना घातला: 'पाऊल कोणाचं?' उत्तरं चारच: आमचं, समोरच्याचं, न्यायालयाचं, अशिलाचं.

दिवाणी दाव्याची वाट 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनं आखून दिलेली आहे. वादपत्र, समन्स, जवाबदावा, वादप्रश्न, साक्ष, बहस म्हणजे युक्तिवाद, निर्णय, मग इजरा. कागदावर ती सरळ दिसते. जवाबदावा समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत, न्यायालयानं कारणं नोंदवून वाढवली तर 90 पर्यंत. व्यापारी दाव्यात 120 दिवस उलटले की दार बंद. साध्या दाव्यात मात्र 90 ची भिंत तितकी पक्की नाही. 2005 च्या सेलम बारच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही मुदत मार्गदर्शक मानली, म्हणजे अपवादात्मक कारण असेल तर न्यायालय उशिराही घेऊ शकतं. 'अपवादात्मक' हा शब्द प्रत्येक वकील आपल्यापुरता लवचीक करून घेतो. आम्हीही घेतो.

रकाना भरल्यावर जे दिसलं ते सरांना दाखवताना जीभ अडखळली. आमची समजूत होती की फाइली न्यायालयामुळे अडतात. प्रत्यक्षात 94 पैकी 41 फाइलींत पाऊल आमचं किंवा आमच्या अशिलाचं होतं. कुठे तलवाना, म्हणजे समन्स बजावण्याचं शुल्क, भरला नाही म्हणून समन्सच निघालं नाही. कुठे 2002 च्या दुरुस्तीपासून सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली जबानी, शपथपत्रावर द्यायची असते, ते शपथपत्र टाइप होऊन सहीसाठी पडलंय आणि अशील भोपाळला मुलाकडे राहायला गेलाय. कुठे मूळ दस्तऐवज अशिलाच्याच कपाटात.

सरांनी चष्मा काढला, पुसला. "हा कागद समोरच्या वकिलाच्या हाती लागू देऊ नकोस."

4 ऑगस्ट

रकान्यातल्या 'अशिलाचं' वाल्यांना फोन करायला बसले. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या वाड्याची वाटणी, आम्ही वादीकडून. दस्तऐवजांत मोडीतला एक जुना कागद आहे, त्याचं लिप्यंतर हवं होतं, म्हणून काकांना फोन लावला. मोडी वाचणारे आजोबा मिळाले का, एवढंच विचारायचं होतं. बोलता बोलता काका म्हणाले, "आता धाकट्याच्या बायकोला कसं समजवायचं तेच कळत नाही, बिचारी एकटी."

धाकटा म्हणजे प्रतिवादी क्रमांक तीन.

"काका, ते कधी गेले?"

"मे महिन्यात गं. अकरा तारखेला. मी तेराव्याला जेवूनही आलो की."

तेराव्याला जेवून आले आणि वकिलाला सांगायचं राहिलं! यात त्यांचा दोष धरायला मन होत नाही. माणूस गेला ही घरातली गोष्ट. कचेरीत तिची मुदत चालू होते, हे त्यांना कोण सांगणार? आदेश 22 प्रमाणे मयत पक्षकाराचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणावे लागतात. नाही आणले तर त्याच्यापुरता दावा उपशमित होतो, म्हणजे संपतो. पुढे 60 दिवसांत ते उपशमन रद्द करून मागता येतं, पण मग उशिराची कारणं देत बसायचं. मयताच्या वकिलानंही न्यायालयाला कळवायचं असतं, तशी तरतूद 22 च्या नियम 10-अ मध्ये आहे. त्यांनी कळवलं नव्हतं.

बोटांवर मोजलं. 11 मे पासून 90 वा दिवस 9 ऑगस्ट. शनिवार, त्यात राखी. सर म्हणाले, न्यायालय बंद असेल तर मुदत कायद्याचं कलम 4 उघडण्याच्या दिवसापर्यंत नेतं, पण कलमाच्या भरवशावर आपण राखी खायची नाही. 'राखी खाणं' हा त्यांचा स्वतःचा वाक्प्रचार असावा.

6 ऑगस्ट

वारसांचा अर्ज दाखल. पत्नी आणि दोन मुली. काकांनी विचारलंच, "मुली लग्न होऊन गेल्या, त्यांची नावं कशाला?" 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलगी वडिलांची पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि 2005 ची दुरुस्ती व 2020 चा विनीता शर्मा निकाल यांनी ती जन्मानं सहदायिकही, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली हिस्सेदारही, ठरली, एवढं सगळं मी सांगितलं. काका गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या ताईचाही?" होय, ताईंचाही. वादपत्रात ताईंचा हिस्सा सरांनी आधीच मांडला आहे. काकांनी ते पान वाचलं नव्हतं इतकंच, सही मात्र प्रत्येक पानावर आहे.

8 ऑगस्ट

तक्त्याबाहेरचं काम, पण नोंदवते, कारण एखादा दावा सुरू होतो कसा हे पहिल्यापासून पाहायला मिळतंय.

निवृत्त शिक्षक आले. मित्राला 4 लाख दिले होते, बँकेतून, 19 ऑगस्ट 2022 ला. हातात वचनचिठ्ठी, रसीदी तिकिटावर सही: 'मागाल तेव्हा परत करीन.' मित्र आता देवासला राहतो. गुरुजींचं म्हणणं, आधी पंधरा दिवसांची नोटीस देऊ, रीत आहे. सरांनी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "मागितले कधी?"

"पहिल्यांदा? गेल्या दिवाळीत. त्यानं हात जोडून कबूल केलं हो."

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. लोकांना वाटतं, पैसे मागितले आणि समोरच्यानं नकार दिला, की तिथून तीन वर्षं मोजायची. 'मागताच परत' अशा वचनचिठ्ठीला ते लागू नाही. तिथे घड्याळ चिठ्ठीच्या तारखेलाच चालू होतं. म्हणजे शेवटचा दिवस 19 ऑगस्ट 2025, आजपासून अकरा दिवस. दिवाळीतल्या कबुलीनं मुदत नव्यानं सुरू झाली असती, पण त्यासाठी कबुली लेखी हवी, सहीची हवी, आणि मुदत संपायच्या आत दिलेली हवी. जोडलेल्या हातांची नक्कल कचेरीत निघत नाही.

नोटीस रद्द. अशा दाव्याला आधी नोटीस हवीच असं नाही. सरकारविरुद्ध असता तर कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागली असती. व्यापारी दावा असता तर आणखी एक पायरी: 3 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यापारी दाव्यात तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते, नाहीतर वादपत्र नाकारलं जातं. 2022 च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर त्यात पळवाट उरली नाही. मित्राला दिलेलं हातउसनं त्यात मोडत नाही.

13 ऑगस्ट

गुरुजींचा दावा दाखल, सहा दिवस हाताशी ठेवून.

वादपत्र मी लिहिलं, सरांनी अर्धं खोडलं. माझ्या मसुद्यात मैत्री चाळीस वर्षांची, एकत्र पाहिलेला रणजी सामना, विश्वासघात असं बरंच होतं. सर म्हणाले, वादपत्रात घटना सांगायची, पुरावा नाही आणि दुःख तर मुळीच नाही. कोण, कोणाविरुद्ध, काय घडलं, दाव्याचं कारण केव्हा आणि कुठे निर्माण झालं, या न्यायालयाला अधिकार का, दाव्याचं मूल्यांकन किती, न्यायशुल्क किती, मागणी काय. प्रतिवादी देवासचा, पण पैसे इंदुरातून गेले आणि चिठ्ठी इथेच लिहिली गेली, म्हणून इंदुरात दावा चालतो; तो परिच्छेद तेवढा त्यांनी माझाच ठेवला. खाली सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याची सही, सोबत शपथपत्र, दस्तऐवजांची यादी, वकालतनामा.

आदेश 37 खाली संक्षिप्त दावा म्हणून टाकला. शीर्षकात तसं लिहावं लागतं. प्रतिवादीनं 10 दिवसांत हजेरी नोंदवायची, आणि निर्णयाचं समन्स मिळाल्यावर पुढच्या 10 दिवसांत बचावाची परवानगी मागायची. परवानगी आपोआप मिळत नाही, बचावात काही दम आहे हे दाखवावं लागतं.

तलवाना त्याच दिवशी भरला. मुंशीजींनी पावती माझ्या टेबलावर आपटली: "लिखिए अपने ख़ाने में." लिहिलं. पाऊल: न्यायालयाचं.

21 ऑगस्ट

वाईट दिवस. चूक तक्त्याची, म्हणजे माझी.

सियागंजातलं किराणा दुकान, आम्ही भाडेकरूकडून. मालकानं स्वतःच्या धंद्यासाठी जागा हवी म्हणून बेदखलीचा दावा लावलाय. मध्य प्रदेशच्या 1961 च्या भाडे कायद्यात कलम 13 आहे: समन्स मिळाल्यापासून महिन्याच्या आत थकलेलं भाडं भरायचं, आणि दावा चालेल तोवर दर महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जमा करत राहायचं. चुकलं तर न्यायालय भाडेकरूचा बचाव काढून टाकू शकतं. मग मालकाची गरज खरी की खोटी यावर कितीही बोलायचं असो, आपल्याला तोंड उघडायची जागाच राहत नाही.

जुलैचं भाडं भरलं गेलं नाही. 15 ऑगस्ट सुट्टी, 16 ला जन्माष्टमी, 17 ला रविवार, आणि नंतर दुकानदार विसरला. तक्त्यात त्या फाइलीपुढे 'पाऊल: न्यायालयाचं' असं ठळक लिहिलेलं, कारण साक्षीची तारीख लागायची होती. म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही. पाऊल एका वेळी एकाचंच असतं हे मी धरून चालले होते. काही पावलं दर महिन्याला टाकायची असतात, तारीख असो वा नसो.

आजच भाडं जमा केलं, सोबत मुदतवाढीचा अर्ज, कारणासह. न्यायालयाला माफ करायचा अधिकार आहे, पण तो न्यायालयाचा अधिकार आहे. दुकानदाराचा चेहरा पाहवत नव्हता.

संध्याकाळी वेगळं पान केलं, 'महिन्याचं'. त्यात फक्त कलम 13 च्या फाइली, सहा निघाल्या. प्रत्येक अशिलाला 8 तारखेला फोन, 12 ला पावती कार्यालयात. पंधरा हा आकडा या पानावर कुठेच लिहिलेला नाही, मुद्दामच.

27 ऑगस्ट

गणपती बसले. सुट्टी.

2 सप्टेंबर

13 सप्टेंबरला राष्ट्रीय लोक अदालत. तडजोडीला पिकलेल्या फाइली काढायला सरांनी सांगितलं. पाच काढल्या, त्यातल्या दोन फाइली पक्षकारांनीच परत ठेवायला लावल्या.

दरम्यान एक जुना तडजोड-हुकूमनामा हाती आला. सरांच्याही आधीच्या काळातला, त्यांच्या वडिलांच्या हातचा. दोन भावांचा सामाईक जिना. अट: 'उभय पक्षांनी जिन्याचा वापर सलोख्याने करावा.' वाचायला किती छान! पुढे एका भावानं जिन्यात सायकली लावल्या, दुसरा इजरा घेऊन गेला, तर प्रश्न आला की सलोखा जप्त कसा करायचा? जिना किती वाजता बंद, सायकल कुठे लावायची, दिव्याचं बिल कोण भरणार, यातलं काहीच लिहिलं नव्हतं. पुढे नवा दावा लावावा लागला. सरांनी ही गोष्ट मला तीनदा सांगितली आहे, आज कागद पाहिला.

म्हणून खानावळीच्या फाइलीचा मसुदा असा केला. 2021 चा दावा. आमच्या अशील ताई एका वसतिगृहाला डबे पुरवत, थकबाकी 2,60,000 ची. आता 2,10,000 वर जमतंय. तीन हप्ते, प्रत्येकाची तारीख, बँक खातं कोणाचं. एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय, व्याजासह. दोन्ही पक्षांच्या सह्या, नुसत्या वकिलांच्या नाहीत. ताईंनी चार वर्षांचं व्याज सोडलं ते सोडलंच, पण डब्यांचे 38 रिकामे खण परत हवेत म्हणून त्या अडून बसल्या. तेही कलम घातलं, संख्येसह.

6 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, पाहायला सगळं शहर रात्रभर रस्त्यावर. मुंशीजींच्या वडिलांनी हुकुमचंद मिलमध्ये काम केलं होतं, हे आज कळलं. तक्ता बंद.

13 सप्टेंबर

खानावळ मिटली. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच, 1987 च्या विधी सेवा कायद्यानं त्यावर अपील नाही, आणि भरलेलं न्यायशुल्क परत मिळतं. ताईंना पहिला हप्ता तिथेच मिळाला. खण 35 परत आले, उरलेल्या तीन खणांसाठी त्यांनी पुन्हा आवाज चढवला. समोरच्या पक्षानं तीन खणांचे पैसे रोख दिले आणि सही झाली.

दुसरी फाइल फिसकटली, रकमेवरून नाही. 'आधी त्यानं माफी मागावी.' माफीचं कलम घालता येईल, सर म्हणाले, पण तिची इजरा तूच करशील का?

तिसरी, पुढच्या वेळी.

18 सप्टेंबर

प्रकल्पाची मुदत संपली. सगळ्या चालू फाइली तक्त्यात आल्या. आज 'पाऊल आमचं किंवा अशिलाचं' असलेल्या 17 उरल्या. सियागंजाच्या अर्जावर अजून आदेश नाही.

मुंशीजी म्हणाले, माळ्यावरचे बस्ते राहिले. मी म्हटलं, ते निकाली आहेत. ते म्हणाले, "निपटे हैं, वसूल कहाँ हुए हैं?" आणि शिडी लावली.

पहिल्याच गठ्ठ्यात पैशांचा हुकूमनामा, 18 नोव्हेंबर 2013 चा. जिंकलेला. इजरा लावल्याची खूण नाही. अंमलबजावणीची मुदत 12 वर्षं, म्हणजे बरोबर दोन महिने शिल्लक. फाइलीवरचा फोन लागला नाही. वकालतनाम्यावरच्या पत्त्यावर मुंशीजी स्कूटरवर गेले, शेजाऱ्याकडून मुलाचा नंबर घेऊन आले. मुलाला लावला.

"बाबांची केस? ती आपण जिंकलो होतो ना?"

जिंकले होते. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आता मुलाच्या नावानं इजरा लावायची तर भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 214 आडवं येतं: मयताच्या ऋणकोविरुद्ध हुकूमनामा चालवायचा तर न्यायालय वारसा प्रमाणपत्र मागतं. ते मिळायला वेळ लागतो, नोव्हेंबर थांबत नाही. सरांचं मत, अर्ज मुदतीत टाकायचा, प्रमाणपत्राची कारवाई त्याच आठवड्यात सुरू करायची आणि ते हाती आलं की जोडायचं. ऋणकोची मालमत्ता आज कुठे आहे, त्याची यादी मुलानं आणायची. नुसता हुकूमनामा लावून जप्ती कशावर मागणार?

मुलाला सोमवारी बोलावलं. तो म्हणाला, सोमवारी घट बसतात, मंगळवारी येतो. मृत्यू दाखला आणि आईचं आधार कार्ड घेऊन यायला सांगितलंय.

तक्त्यात नवं पान: 'माळा'. ओळ 1. पाऊल: अशिलाचं, 23 सप्टेंबरपर्यंत, नंतर आमचं. माळ्यावर अजून अकरा गठ्ठे आहेत, उद्या शिडी पुन्हा लागेल.